सोबत एकच

सोलापूरच्या माणसाचा परदेश प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, तो सुमारे चारशे किलोमीटर अलीकडे सुरू होतो, आणि मुंबईच्या टर्मिनल दोनच्या दारात पोहोचेपर्यंत त्याचे निम्मे अवसान गळालेले असते. घरातल्या हुकाच्या काट्यावर बॅगा पुन्हा पुन्हा तोलून झालेल्या असतात, शेंगाचटणीची पाकिटे एका बॅगेतून दुसरीत गेलेली असतात, आणि रेल्वेला उशीर झाला तर काय, या धास्तीने सगळेच लवकर निघालेले असतात. मुंबईकर जेवून-खाऊन रात्री नऊला घर सोडतो. आम्ही त्याच विमानासाठी पहाटेच्या वंदे भारतने निघतो, दुपारी मुंबईत उतरतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत बॅगांना पाय लावून बसतो. २०२५ मध्ये सोलापूरहून आधी गोव्याला आणि मग मुंबईला विमान सुरू झाले हे खरे, आणि त्यासाठी या शहराने विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये जमीनदोस्त होताना पाहिली, तिच्यावरून घराघरांत वाद घातले. पण त्या विमानाची वेळ आणि परदेशी विमानाची वेळ यांचे जुळेलच असे नाही. मधला वेळ उरतोच. विमानतळावरच्या लाउंजचा, म्हणजे काही प्रवाशांसाठी राखलेल्या बसण्या-खाण्याच्या दालनाचा, विचार मी या उरलेल्या वेळाच्या अंगाने करते, थाटामाटाच्या अंगाने नाही.

मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्रीनंतर का सुटतात, हे मला मुलाने समजावून सांगितले. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात नियमित उड्डाणे आणि उतरणे बंद असते. आसपासच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून २०११ पासून तसा निर्बंध आहे. शिवाय तिथून पुढे युरोपभर जाणारी विमाने सकाळी झुंडीने सुटतात, त्यांना गाठायचे तर आपले विमान सकाळी सातच्या आसपास तिथे टेकले पाहिजे. त्यासाठी मुंबईतून रात्री दोन-अडीचला निघावे लागते. म्हणजे जर्मनीतल्या कुणाची तरी झोप शाबूत राहावी म्हणून आमची झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेची भरपाई म्हणून काही प्रवाशांना गुबगुबीत खुर्ची दिली जाते. काहींना. सगळ्यांना नव्हे.

या काहींमध्ये आपण आहोत की नाही, हे ठरवण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या दोन्ही आम्हाला एकाच प्रवासात अनुभवायला मिळाल्या. पहिली मुंबईत. तिथे आम्ही तिघेही, म्हणजे मी, हे आणि सुट्टी संपवून आमच्यासोबत परत निघालेला मुलगा, बँकेच्या कार्डांवर आत गेलो. काउंटरवर कार्ड यंत्राला दाखवायचे, खात्यातून दोन रुपये वजा होतात आणि दार उघडते. दोन रुपयांत पोटभर जेवण, असे आमच्या नात्यातले एक जण मोठ्या कौतुकाने सांगत असतात. ते दोन रुपये म्हणजे कार्ड चालू आहे ना याची खातरजमा. खरी रक्कम बँक माणशी मोजते, मधल्या कंपनीमार्फत ती लाउंज चालवणाऱ्याला पोहोचते, आणि बँक ती कार्डाच्या वार्षिक शुल्कातून आणि दुकानदारांकडून मिळणाऱ्या कमिशनमधून भरून काढते. थोडक्यात, आपण किराणा आणि पेट्रोल कार्डावर घेतले तेव्हाच त्या इडलीचे पैसे दिलेले असतात. अलीकडे बँकांना हा व्यवहार जड जाऊ लागला आहे, म्हणून मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट अनेक कार्डांवर आली आहे.

त्या लाउंजबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बाहेर रांग होती, आतही रांग होती, पनीर कोमट होते आणि रिकामी खुर्ची दिसली की तिच्यावर आधी पिशवी टाकायची, हा एसटी स्टँडवरचा नियम तिथेही लागू होता. रात्री एक वाजता इतकी लहान मुले जागी असलेली मी गड्ड्याच्या जत्रेनंतर पहिल्यांदाच पाहिली. तरी बसायला मिळाले, यांना गोळी घेण्यापूर्वी गरम काहीतरी खाता आले, आणि तेवढ्यासाठी मी त्या गर्दीला नावे ठेवणार नाही. जी गोष्ट पूर्वी मोजक्यांची होती ती बऱ्याच जणांना मिळू लागली की गर्दी होणारच, आणि गर्दी झाली की आधीचे मोजके लोक नाके मुरडणारच.

दुसरी तऱ्हा फ्रँकफर्टमध्ये, आणि ती खरी जुनी तऱ्हा. विमान कंपनीचा स्वतःचा लाउंज ही कल्पना १९३९ सालची, न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावरची. अमेरिकन एअरलाइन्स आपल्या ताफ्यातल्या विमानांना नौदलाच्या थाटात ‘फ्लॅगशिप’ म्हणत असे, आणि मर्जीतल्या प्रवाशांना ‘ॲडमिरल’ ही बिरुदावली देत असे; त्या ॲडमिरल मंडळींना बसायला तिथे ॲडमिरल्स क्लब उघडला. तिकिटाचा वर्ग किंवा खिशातले पैसे यांपेक्षा कंपनीने तुम्हाला आपले मानले आहे की नाही, यावर प्रवेश ठरायचा. पुढे १९८१ मध्ये त्याच कंपनीने मैल मोजून बक्षीस देण्याची योजना आणली, तेव्हा मर्जीचा हिशेब वहीत मांडता येऊ लागला. १९९७ मध्ये पाच विमान कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स काढली आणि हा हिशेब एका कंपनीच्या वहीतून दुसरीच्या वहीत चालू लागला. आपली एअर इंडियाही २०१४ पासून त्यात आहे. एका कंपनीकडे भरपूर उडालेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या लाउंजमध्ये जाऊन बसतो, आणि त्याच्या बसण्याचे बिल पहिल्या कंपनीला जाते. माणूस आत शांतपणे सूप पीत असतो तेव्हा दोन कार्यालयांत त्याची नोंद चढत असते.

आमचा मुलगा कामानिमित्त सतत उडतो, म्हणून त्याच्याकडे या अलायन्सचे सोनेरी कार्ड आहे. तिकीट मात्र तिघांचेही साधेच, पाठीमागच्या रांगेतले. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे पुढचे विमान सुटायला चार तास होते. पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन आम्ही लाउंजच्या दाराशी आलो, मुलाने बोर्डिंग पास काचेवर धरला, हिरवा दिवा लागला, आणि काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या की कार्डधारकासोबत एक पाहुणा येऊ शकतो. एक. मुलाने विचारले, दुसऱ्याचे पैसे भरले तर? त्या तितक्याच सौजन्याने म्हणाल्या की या लाउंजचा प्रवेश विकत मिळत नाही.

त्या बाईंचा मला राग आला नाही, त्यांनी नियम सांगितला आणि चांगल्या शब्दांत सांगितला. पण पैसे देऊनही नाही, हे ऐकायची सवय आता राहिलेली नाही. बँकेच्या कार्डाच्या रांगेत निदान इतके तरी होते की ज्याच्याकडे कार्ड आहे तो आत, आणि कार्ड कुणालाही काढता येते. इथे आई आणि वडील दोघे उभे होते आणि नियमाला त्यातला एकच हवा होता. आमच्याकडे पंगतीला बसलेल्या जोडप्यातल्या एकाला कुणी उठवले तर दोन पिढ्या त्या घराशी सोयरीक होणार नाही. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा साहेब आणि त्याची बायको, किंवा साहेब आणि त्याचा व्यवसायातला सोबती असावा; साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन निघालेला मुलगा त्या कोष्टकात बसत नव्हता. मुलाचा चेहरा पडला. तो म्हणाला, “मग कुणीच जायला नको, आपण गेटजवळ बसू.”

“तू आईला घेऊन जा,” हे म्हणाले. “तिला अंघोळीशिवाय सकाळ उजाडत नाही. मला काय, मी इथं माणसं बघत बसतो.”

मी आढेवेढे घेतले, पण फार नाही. आदल्या पहाटे सोलापुरात केलेल्या अंघोळीनंतर चोवीस तासांहून अधिक वेळ गेला होता, आणि मुलगा मुंबईपासून सांगत होता की आत न्हाणीघर आहे.

आत गेल्यावर आधी काय जाणवले असेल तर शांतता, आणि ती मला सुखाची वाटली नाही. तिथे विमानांची घोषणा होत नाही. तशी सूचनाच लिहिलेली असते की पडद्यावर पाहा, आपली वेळ आपण सांभाळा. ज्यांचे अर्धे आयुष्य विमानतळावर जाते त्यांना सतत कानावर आदळणाऱ्या घोषणांपासून सुटका हवी असते, हे मला समजते. पण आम्ही कानांनी वाट पाहायला शिकलेली माणसे आहोत. सोलापूर स्टेशनवर हुतात्मा एक्स्प्रेस कितव्या फलाटावर येणार हे तीन-तीन भाषांत ऐकल्याशिवाय आमचा विश्वास बसत नाही. मी बराच वेळ पडद्याकडे तोंड करून बसले, आणि मुलाने हातात आणून दिलेला चहा तसाच निवला. भोवताली लोक वर्तमानपत्रे चाळत होते, एक गृहस्थ बूट काढून, मोज्यांचे पाय समोरच्या बाकावर ठेवून गाढ झोपले होते, आणि त्यांना उठवायला कुणी येत नव्हते. आपल्याकडे कुणी पाहत नाही याची खात्री असलेला माणूसच असा झोपतो. बाहेर गेटजवळ झोपणारे लोक बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून झोपले होते. दोघांचा प्रवास तोच, विमानही कदाचित तेच. खाण्याचे बरेच प्रकार मांडलेले होते, पाव पाच-सहा तऱ्हांचे, चीज, उकडलेली अंडी, फळे. पण आम्ही शाकाहारी, आणि प्रत्येक ताटलीसमोर मुलाला हळूच विचारावे लागत होते, त्यामुळे दही आणि पाव यांवर मी भागवले. लाउंजचे कौतुक करणारे बहुतेक लोक खाण्याबद्दल बोलतात. मला त्यात काही विशेष आढळले नाही.

न्हाणीघराची गोष्ट वेगळी. त्यासाठी नाव सांगून ठेवायचे, पाळी आली की बोलावतात. दोन माणसांच्या मध्ये एक बाई आत जाऊन खोली पुसून, कोरडी करून, नवे टॉवेल ठेवून येते. माझ्या आधीचे गृहस्थ बाहेर पडले तेव्हापासून मी घड्याळ लावून नव्हे, पण सवयीने पाहत होते; ती बाई आत गेली, पाण्याचा आवाज, फडक्याचा आवाज, मग कचऱ्याच्या पिशवीची सळसळ, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातावर वापरलेले टॉवेल होते. ते तिने घडी न करता, पण उलगडू न देता, कोपरे आत धरून ढकलगाडीत टाकले. हे मुरलेल्या हाताचे काम आहे. ओला टॉवेल उलगडला की जमिनीवर लोळतो आणि पुन्हा जमीन पुसावी लागते.

हे माझ्या लक्षात यायचे कारण माझी उमेदीची सगळी वर्षे टॉवेलांत गेली आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. माग हे आणि धाकटे दीर पाहतात, आणि मागावरून माल उतरल्यानंतरचे सगळे, म्हणजे कापणे, कडा शिवणे, तपासणे, घड्या घालणे, हे माझ्याकडे आणि माझ्या हाताखालच्या बायकांकडे असते. त्या खोलीत मराठीपेक्षा तेलुगू जास्त ऐकू येते आणि मलाही ती कामापुरती बोलता येते. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत असते, पण सोलापुरी टॉवेललाही चादरीइतकेच भौगोलिक मानांकन आहे, हे पाहुण्यांना मुद्दाम सांगावे लागते. ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती सोलापूरची कापडगिरणी १८७७ साली निघाली आणि १९६३ मध्ये बंद पडली, मग एकेक करून बाकीच्या गिरण्याही गेल्या. या गावात कापड उरले ते यंत्रमागांमुळे, आणि आता मागाचा मोठा आधार टॉवेल आहे.

तर त्या न्हाणीघरात दाराला कडी लावून मी नळ सोडण्याआधी टॉवेल हातात घेतला. पांढराशुभ्र, कारण असे टॉवेल रोज कढत पाण्यात ब्लीच घालून धुतात आणि रंग तिथे टिकत नाही. मागावर टॉवेलला दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ, लागतात, एका बीमचा ताणा घट्ट, तो पायाचे कापड धरतो, आणि दुसऱ्याचा सैल. फणी दोन आडवे धागे जरा अलीकडेच सोडते आणि तिसऱ्यासोबत पुरता ठोका देते, त्या ठोक्याने सैल धागे वर उचलले जाऊन त्यांची कडी होते. पाणी पिते ती ही कडी. कड्या सारख्या उंचीच्या आहेत का हे डोळ्यांना कळत नाही, तळहात उलटा करून फिरवला की कळते. त्या टॉवेलच्या कड्या सारख्या होत्या. एका बाजूला दोन ठिकाणी धागा ओढला गेलेला होता, तो धुलाईतला असणार. कोपऱ्यावर टाके उलट फिरवून पक्के केले होते, ते नसले की धुलाईच्या यंत्रात कोपरा आधी उसवतो. कडेची पट्टी मात्र जरा रुंद दुमडलेली वाटली, आमच्या बायका इतकी रुंद दुमड सोडत नाहीत, कापड वाया जाते. शिवणीत धुलाईवाल्यांची क्रमांकाची चिंधी होती. विणणाऱ्याचे लेबल कधीचेच गेलेले होते. तो सोलापूरचा होता, असे म्हणायला मला काही आधार नाही, आणि टॉवेल विणणारी गावे जगात पुष्कळ आहेत.

मग अंघोळ केली. पाणी हवे तितके, हवे तसे, आणि दाराबाहेर कुणी खाकरणारे नाही. रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या प्रतीक्षालयात मी लहानपणी वडिलांबरोबर बसत असे. तिथेही दाराशी बसलेला माणूस तिकीट पाहून मगच आत सोडायचा आणि तिथेही एक मोरी होती, पण तिची कडी कायम मोडलेली असायची. वर्ग पाडून बसवण्याची पद्धत आपल्याला विमानांनी शिकवलेली नाही, ती आगगाडीबरोबरच आली होती. विमान कंपन्यांनी तिच्यात भर घातली ती कडीची. हे मी उपहासाने म्हणत नाही. रात्रभर बसून आलेल्या बाईला बंद होणारे दार, गरम पाणी आणि कोरडा टॉवेल मिळणे ही साधी सोय नव्हे, आणि ज्यांनी ती नीट केली आहे त्यांचे काम मला कळते. माझी तक्रार एवढीच आहे की ही गरज मैल मोजून ठरत नाही. विमानतळावर सर्वांत थकलेली माणसे शोधायची तर ती सोनेरी कार्डवाल्यांत सापडणार नाहीत. ती लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आयांत, पहिल्यांदा नोकरीला निघालेल्या मुलांत, व्हीलचेअरवर बसवून एका कोपऱ्यात ठेवलेल्या म्हाताऱ्यांत सापडतील.

बाहेर आले तेव्हा हे गेटजवळच्या लोखंडी खुर्चीवर, तिन्ही बॅगांच्या मध्ये, मजेत बसले होते. शेजारी एक पंजाबी गृहस्थ होते, त्यांच्याशी सुताच्या भावापर्यंत गप्पा पोहोचल्या होत्या. मी आतून एक सफरचंद आणले होते, ते यांच्या हातात दिले. त्यांनी आधी टॉवेलचे विचारले.

“पाचशेच्या आसपास,” मी म्हणाले. आमच्याकडे टॉवेलची प्रत चौरस मीटरला किती ग्रॅम यावर ठरते, आणि घरात तो आकडा नुसता सांगितला तरी पुरतो. “वीण चांगली आहे. कड आपली बरी.”

मुलगा आमच्या दोघांकडे पाहत राहिला. चार तासांत आपण वडिलांना बाहेर ठेवले, याची टोचणी त्याला होती आणि इथे भलताच विषय चालला होता.

परतीच्या वाटेवर मुलगा सोबत नव्हता, त्यामुळे सोनेरी कार्डही नव्हते. गोथेनबर्गहून फ्रँकफर्टला आलो, मुंबईच्या विमानाला बराच अवकाश होता, आणि यांनी त्या लाउंजच्या दारावरून जाताना आतल्या बाईंना उगीचच हात केला. मी मात्र या वेळी तयारीने आले होते. मुलाच्या संगणकावर विमानतळाचे पान उघडून मी शोधून ठेवले होते की त्या टर्मिनलवर काही युरो भरून कुणालाही अंघोळ करता येते, टॉवेल आणि साबण त्यातच; कार्ड लागत नाही, मैल लागत नाहीत, सोबत किती जण आहेत हेही कुणी विचारत नाही. लाउंजमधली मला हवी होती ती नेमकी गोष्ट, पाव आणि चीज वजा करून, सुटी विकायला ठेवलेली. ही सोय किती भारतीय प्रवाशांना ठाऊक असते कोण जाणे; आमच्या विमानातले निम्मे लोक चेहऱ्यावर पाणी मारून भागवत होते. मुंबईच्या विमानतळावर अशी काही युरोंची, म्हणजे आपल्याकडे चारपाचशे रुपयांची, खोली सर्वांना दिसेल अशा जागी असावी आणि तिची पाटी मराठीतही असावी, असे मला फार वाटते. सोलापूर, लातूर, नांदेडहून आलेल्या माणसाला पनीरपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

या वेळी पाळी यांची होती. मी बॅगांपाशी बसले, सुनेने बांधून दिलेले धपाटे काढून ठेवले. हे बऱ्याच वेळाने, केस नीट विंचरून, ताजेतवाने होऊन आले, खुर्चीवर टेकले, एक धपाटा उचलला.

“साडेचारशे,” म्हणाले. “त्याच्या वर नाही. आणि कोपरे पक्के केलेले नाहीत.”